पासपोर्ट काढायचाय किंवा रिन्यू करायचाय? फॉर्मला हात लावायच्या आधी हे वाचा

तिकीट काढून झालं, सुट्टी मंजूर झाली, बॅगसुद्धा नवीन घेतली आणि मग कपाटातून पासपोर्ट काढून बघितला तर फक्त चार महिने उरलेत, असं बऱ्याच जणांचं होतं, माझंही झालंय. तेव्हा जी धावपळ केली त्यातून एक कळलं की फॉर्म भरणं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अर्ज अडकतो तो त्याच्या आधीच्या गोष्टींवर, म्हणजे तारखा, स्पेलिंग आणि फोटो. प्रत्येक देशाची फी वेगळी, फॉर्म वेगळा, त्यामुळे ते तुमच्या देशाच्या सरकारी साइटवरच बघा, पण बाकीचं बरचसं कुठेही गेलात तरी सारखंच आहे.

आधी तारीख बघा, पण नीट

पासपोर्ट संपायची तारीख म्हणजे तोपर्यंत फिरता येईल असं नाही, इथेच लोक फसतात. सिंगापूर, थायलंड, इंडोनेशिया या देशांत उतरताना पासपोर्टला किमान ६ महिने शिल्लक लागतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या गटाचा, हिशोब वेगळाच, तिथून तुम्ही ज्या दिवशी बाहेर पडणार त्यानंतर ३ महिने तो चालू असायला हवा आणि वर तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. ही दुसरी अट कशाला असं वाटेल, तर काही देश पूर्वी जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जोडून द्यायचे आणि मग पासपोर्ट दहा वर्षांपेक्षाही जास्त चालायचा, ब्रिटनने हे २०१८ मध्ये बंद केलं, पण तसे पासपोर्ट अजून लोकांकडे आहेत. म्हणजे आत छापलेली तारीख पुढची असूनही विमानात बसू देत नाहीत!

आणि हे सांगणारा माणूस तिकडचा इमिग्रेशन ऑफिसर नसतो, तो तुमच्याच एअरपोर्टवरचा चेक-इनचा माणूस असतो. कागद पुरे नसलेला प्रवासी नेला तर एअरलाइनला दंड बसतो आणि परतही आणावं लागतं, म्हणून ते कॉम्प्युटरवर त्या देशाचे नियम बघूनच बोर्डिंग पास देतात. तिथे हुज्जत घालून काही उपयोग होत नाही.

तारखेबरोबर कोरी पानंही मोजा. काही देशांना एक तर काहींना दोन पानं पूर्ण कोरी लागतात. पान सुटलंय, कव्हर फाटलंय, फोटोच्या पानावर पाणी गेलंय असं असेल तर व्हॅलिडिटी कितीही असो, बदलूनच घ्या. अजून एक, काही टुरिस्ट स्पॉटवर हौसेचे शिक्के मारून देतात, पेरूतल्या माचू पिचूचा तर फेमसच आहे, ते शिक्के वहीत घ्या, पासपोर्टवर नको, कारण असल्या शिक्क्यांमुळे लोकांना परत पाठवल्याच्या केसेस झाल्यात.

माझा सरळ नियम असा की संपायला ९ ते १२ महिने राहिले की अर्ज टाकायचा. सुट्ट्यांच्या सीझनआधी तर गर्दी असतेच, आणि प्रोसेसिंगचे जे दिवस साइटवर लिहिलेले असतात ते कागद सगळे बरोबर आहेत असं धरून लिहिलेले असतात हे विसरू नका.

सगळ्या कागदांवर नाव एकच पाहिजे

माझा अर्ज पहिल्यांदा अडकला तो यावरच. एका कागदावर मधलं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं पहिलं अक्षर, आणि तिसऱ्यावर मधलं नावच नाही. मी म्हटलं माणूस तर तोच आहे ना, पण काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे फाइल परत दिली, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

म्हणून फॉर्म उघडायच्या आधी जन्माचा दाखला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि जुना पासपोर्ट असं सगळं टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण एकेक अक्षर जुळवून बघा. कुठे फरक दिसला तर तो कागद आधी दुरुस्त करून घ्या, पासपोर्टवाले सांभाळून घेतील या भरवशावर राहू नका. लग्नानंतर किंवा घटस्फोटानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा जोडा, आणि तिकीट काढताना त्या वेळी हातात जो पासपोर्ट असेल त्यावरचंच नाव टाका. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका, एकच शब्दाचं नाव असलेल्यांना काही देशांच्या व्हिसाला त्रास होतो.

स्पेलिंगचा एवढा बाऊ कशाला, तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात ना, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मध्ये बाणासारख्या खुणा, त्या मशीन वाचतं. त्यात तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख असतं आणि चूक पकडायला मध्ये मध्ये तपासणीचे आकडेही घातलेले असतात. हे सगळं ठरवते इकाओ ही मॉन्ट्रियलमधली आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटना, जी संयुक्त राष्ट्रांचीच आहे. २४ नोव्हेंबर २०१५ ही हाताने लिहिलेले, मशीनला न वाचता येणारे पासपोर्ट बंद करायची शेवटची तारीख होती. माणूस समजून घेईल, मशीन घेणार नाही.

फोटो

याच्यावर लोक पाच मिनिटं घालवतात आणि अर्ज पाच आठवडे लांबवतात. बऱ्याच देशांत साइज ३५ बाय ४५ मिलिमीटर, अमेरिकेत २ बाय २ इंच, त्यामुळे आधी साइज बघून घ्या. फोटो गेल्या सहा महिन्यांतला असावा, मागे पांढरं किंवा फिकट प्लेन, चेहरा सरळ, तोंड बंद, डोळे उघडे, चेहऱ्यावर आणि मागच्या भिंतीवर सावली नको. चष्मा काढूनच काढा, अमेरिकेने तर नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्यातले फोटो घेणंच बंद केलंय. आणि फोनमधला ब्यूटी मोड बंद करा हो, तो आपोआप त्वचा गुळगुळीत करतो, नाक बारीक करतो आणि मग एअरपोर्टवरच्या, चेहरा फोटोशी जुळवून बघणाऱ्या ऑटोमॅटिक गेटला तुम्ही तुम्ही वाटत नाही.

लहान बाळाचा फोटो हा वेगळाच विषय. पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढायचा, हात किंवा खेळणं फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही आणि बाळ जागं असताना काढायचा. वीस काढाल तेव्हा एक चांगला येईल.

आता फॉर्म

सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी साइट सरकारी असेलच असं नाही, तशाच रंगाच्या तशाच चिन्हाच्या साइट जास्त पैसे घेतात आणि वर तुमची सगळी माहितीही त्यांच्याकडे जाते, म्हणून पत्ता नीट वाचा. नवीन की रिन्यू हे बरोबर निवडा, हरवलेला किंवा खराब झालेला असेल तर तो प्रकार बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. अपॉइंटमेंटला जाताना ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही घ्या, जुना पासपोर्ट घ्या, पैसे भरल्याची पावती घ्या. बोटांचे ठसे द्यायचे असतील तर बोटाला मोठी जखम किंवा पट्टी असताना जाऊ नका.

मुलांचा पासपोर्ट बऱ्याच देशांत ५ वर्षांचाच असतो आणि दोन्ही पालकांची संमती लागते, त्यामुळे एक पालक बाहेरगावी असेल तर त्यांच्या सहीचा कागद आधीच करून घ्या.

हातात आला की लगेच

पाकीट उघडून सेल्फी काढायच्या आधी प्रत्येक अक्षर तपासा, चूक असेल तर लगेच कळवा, दोन वर्षांनी सांगितलं तर दुरुस्तीला वेळही जातो आणि पैसेही. सहीची जागा असेल तर सही करा. कव्हरवर मध्ये गोल असलेली छोटी चौकोनी खूण असेल तर आत चिप आहे, मग तो दुमडू नका, स्टेपल मारू नका, धुवायच्या जीन्समध्ये तर अजिबात विसरू नका.

नंबर बदलला की जुन्या नंबरवर काढलेल्या ऑनलाइन परवानग्याही बाद होतात, अमेरिकेची एस्टा, कॅनडाची ईटीए असं सगळं परत काढावं लागतं. पण जुन्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा चालू व्हिसा चिकटवलेला असेल तर तो नवीन पासपोर्टबरोबर चालतो, दोन्ही बरोबर न्या, म्हणून अर्ज करतानाच जुना परत मिळेल ना हे विचारून घ्या. कोपरा कापलेला जुना पासपोर्ट बघून घाबरू नका, तो रद्द केल्याची ती खूण असते, फक्त व्हिसाचं पान फाटलेलं नको.

फोटोच्या पानाचा स्कॅन स्वतःला मेल करून ठेवा. परदेशात हरवला तर आधी पोलीस, मग आपल्या देशाची एम्बसी, तिथे घरी परतण्यापुरता तात्पुरता कागद मिळतो आणि हा स्कॅन असला की काम बरंच लवकर होतं. हरवला म्हणून एकदा कळवलं की तो नंबर इंटरपोलच्या यादीत जातो, मग दोन दिवसांनी हॉटेलच्या गादीखाली सापडला तरी तो घेऊन एअरपोर्टवर जायचं नाही, पासपोर्ट ऑफिसमध्ये जमा करायचा.