कोळंबीवरचा काळा डाग: तळ्यातला की काढणीनंतरचा?

जून-जुलैत शेततळ्यात सोडलेली गोड्या पाण्यातली कोळंबी आता काढणीला येते आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून करवीरपर्यंत थंडी पडू लागली की पाणी 24 अंशांखाली उतरतं, कोळंबीचं खाणं मंदावतं आणि कात टाकणं लांबतं. वरवरचा डाग कातीबरोबर निघून जातो. कातच पडली नाही तर तो खोल जात राहतो. म्हणून डाग दिसत असतील तर वजन वाढण्याची वाट बघत डिसेंबर गाठू नका.

आधी डाग ओळखा. कोळंबी हातात धरून नखाने चाचपा. जिवंत कोळंबीच्या कवचावर तपकिरी-काळा, कडा झिजलेला खड्डा लागला, मिशा आणि नांग्यांची टोकं झडलेली दिसली, तर तो जिवाणूंचा रोग. एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू जखमेतून शिरून कायटिन, म्हणजे कवचाला टणक ठेवणारं द्रव्य, खातात. जखम होते ती दाटीत नरांच्या नांग्यांनी किंवा खरखरीत जाळ्याने, आणि तळाशी कुजलेलं खाद्य साचलं की जिवाणू फोफावतात. कवच गुळगुळीत असून मेल्यानंतर काही तासांनी डोक्याची कड आणि शेपटीचे सांधे काळवंडले, तर ते कोळंबीतल्याच विकरांचं (एन्झाइमचं) काम. बर्फाला उशीर झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी तळ्यात औषध ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

खड्डा कवचापुरता असेल तर सोलल्यावर मांस स्वच्छ निघतं, पण अख्ख्या कोळंबीचा भाव पडतो. डाग मांसात उतरला असेल किंवा मांस मऊ पडून वास येत असेल, तर ती विकू नका. चुना टाकून खोल पुरा, ओढ्यात किंवा पाटात फेकू नका.

खाद्याचं ताट दोन तासांनी उचलून बघा. उरलं असेल तर पुढच्या वेळी कमी टाका. पहाटे विरघळलेला प्राणवायू लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) तेव्हाच लावा. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांवर बंदी आहे. कोणी गुपचूप पुडी दिली तरी घेऊ नका, अंश मांसात राहतो.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद. काढणी पहाटे, बिनगाठीच्या जाळ्याने. नुकती कात टाकलेली, मऊ कवचाची कोळंबी वेगळी काढा, ती ढिगात चेंगरते. बाकीची लगेच पिण्याच्या पाण्यात बर्फ घालून केलेल्या गार पाण्यात बुडवा. मग भोकं पाडलेल्या पेटीत किलोला किलो बर्फ, थर थर लावून भरा. वितळलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे, साचलं तर कोळंबी त्याच घाणीत भिजते. गोड्या पाण्यातल्या कोळंबीच्या डोक्यातली पाचक विकरं मांस पिठूळ करतात, त्यामुळे माल दुसऱ्या दिवशी विकायचा असेल तर डोकी काढून धुवा. नुसत्या फ्रीजवर विसंबू नका, एरोमोनास तिथल्या गारव्यातही हळूहळू वाढतो. काळं पडू नये म्हणून मेटाबायसल्फाइटची भुकटी मुठीने टाकायची सवय काहींना आहे. दम्याच्या माणसाला ती बाधते.