आठशे अंशांवरचा सिंगॅस: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला होता: विजेने पाणी फोडणाऱ्या सेलमधून १ अँपिअर करंट गेला तर मिनिटाला किती हायड्रोजन निघेल? फॅरेडेचा नियम बारावीपासून पाठ, सांगलीत केमिकल इंजिनिअरिंग केलेलं, तरी मी उत्तर दुप्पट सांगितलं. एका रेणूला २ इलेक्ट्रॉन लागतात, हेच घाईत विसरलो. खरं उत्तर साधारण ७ मिलिलिटर. जर्मनीतली ती पीएचडीची जागा तरीही मिळाली, आणि हा ७ चा आकडा पुढे रोज लागला.

काम थोडक्यात असं. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून ७०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या सिरॅमिक सेलमध्ये सोडायचे आणि वीज द्यायची. दोघांमधला ऑक्सिजन आयन होऊन झिर्कोनिया या सिरॅमिकच्या पातळ थरातून (हाच इलेक्ट्रोलाइट) पलीकडे जातो, आणि अलीकडे निकेलच्या इलेक्ट्रोडवर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड उरतात. हाच सिंगॅस. त्यातून पुढे कृत्रिम डिझेल करायचं असेल तर दोघांचं प्रमाण २:१ च्या आसपास लागतं, आणि ते आत सोडलेल्या वाफेच्या प्रमाणावरून बरंचसं ठरवता येतं. एवढं तापवायचं कशाला? कारण लागणाऱ्या ऊर्जेचा एक भाग उष्णतेतून भागतो. ८०० अंशांना वाफेसाठी १.२९ व्होल्ट दिले की सेल ना तापतो ना गार होतो. पाण्यावर चालणारे नेहमीचे इलेक्ट्रोलायझर १.८ च्या आसपास चालतात. नासाने २०२१ मध्ये मंगळावर ऑक्सिजन काढला तोही याच जातीच्या सेलने, फक्त तिथे वाफ नव्हती, नुसता कार्बन डायऑक्साइड.

आता जे पेपरांत सापडत नाही ते. पहिले ४ महिने तुम्ही इलेक्ट्रोकेमिस्ट नसता, प्लंबर असता. मला याचा आधी राग यायचा.

माझ्या पहिल्या मोठ्या टेस्टमध्ये व्होल्टेजची रेघ सरळ येईना. दर ४०-४५ सेकंदांनी एक दात, ३० मिलिव्होल्टचा. मी इम्पीडन्स (वेगवेगळ्या वारंवारतेच्या करंटला सेल किती अडवतो ते) घेतला, इलेक्ट्रोडवर शंका घेतली, गाइडना ८ स्लाइड दाखवल्या. दोन आठवडे गेले. मग आमच्या टेक्निशियननी (आम्ही दोघं देशी मंडळी त्यांना आपापसात ‘काका’ म्हणायचो) स्लाइडकडे न बघता वाफेच्या पाइपवरची काचलोकर सोलली. एका कोपऱ्यावर हीटिंग टेप दोन बोटं सरकली होती. बाकी पाइप १५० अंशांवर, आणि तेवढाच तुकडा गार. तिथे वाफेचा थेंब साचायचा, मोठा झाला की पुढे ओघळून गरम भागात फुटायचा, सेलला एकदम जास्तीची वाफ मिळायची. टेप नीट गुंडाळली, अर्ध्या तासात रेघ सरळ. स्लाइड अजून माझ्याकडे आहेत, बघवत नाहीत.

तेव्हापासून माझी सवय: करंट द्यायच्या आधी १० टक्के हायड्रोजन आणि ९० टक्के वाफ सोडून, दुसऱ्या बाजूला हवा ठेवून, उघड्या सर्किटचं व्होल्टेज बघायचं. ८०० अंशांना ते ०.८४ व्होल्टच्या जवळ यायला हवं. ०.८२ आलं तर दोन्ही बाजूंचे गॅस वेगळे ठेवणारं सील गळतंय, म्हणजे सुमारे एक तृतीयांश हायड्रोजन आतच जळतोय. ‘२० मिलिव्होल्टनी काय होतंय’ म्हणून पुढे जाऊ नका. काचेचं सील एकदा बिघडलं की भट्टी थंड करून पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि आम्ही मिनिटाला १ अंशाने तापवायचो. हिशेब तुम्हीच करा.

तो १० टक्के हायड्रोजन चालू टेस्टमध्येही बंद करायचा नाही. नुसत्या वाफेत निकेलचं ऑक्साइड होतं, ते फुगतं आणि सेलला तडा जातो. वीकेंडला सिलिंडर संपून एका सहकाऱ्याचा सेल असाच गेला. शुक्रवारी दुपारी सिलिंडरचा प्रेशर वाचणं हे रीतसर काम समजा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खिशाला लावल्याशिवाय खोलीत शिरू नका, हे कोणीही सांगेल. कमी लोक सांगतात ते असं: भट्टी गार करताना सिंगॅस चालू ठेवायचा नाही. तापमान उतरलं की मोनॉक्साइडपासून काजळी धरते, आणि २०० अंशांच्या खाली निकेलबरोबर निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतं. ते मोनॉक्साइडपेक्षाही कितीतरी विषारी. आधी नायट्रोजन-हायड्रोजनचं मिश्रण, मग थंड करणं.

आकड्यांचं म्हणाल तर गॅस क्रोमॅटोग्राफवर (गॅसमध्ये काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर) आंधळा विश्वास नको. त्यात गॅस जातो तो पाणी काढून, कोरडा. तो आकडा तसाच ओल्या गॅसचा म्हणून लिहिला तर कार्बनचा ताळेबंद, म्हणजे आत गेलेला आणि बाहेर आलेला कार्बन, जुळत नाही. माझा पहिला १०८ टक्के आला होता! किती मोनॉक्साइड विजेने झाला आणि किती निकेलवर हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइडच्या अभिक्रियेने, हा वाद जुना आहे. पहिल्या वर्षी त्यात पडू नका, आधी ताळेबंद ९८-१०२ मध्ये आणा.

अर्ज करणाऱ्यांना: इम्पीडन्सची तोंडओळख, थोडं पायथन, आणि हाताने काहीतरी जोडल्याचा अनुभव. तिसरी गोष्ट बायोडेटात आपली मुलं लिहीतच नाहीत. मी कॉलेजात बॉयलरच्या लॅबमध्ये घालवलेली दुपार लिहिली नव्हती, आणि मुलाखतीत काकांनी नेमकं तेच खोदून विचारलं.

आणि टेस्ट संपल्यावर सेल बाहेर काढताना तो बहुतेक वेळा मोडतोच. वाईट वाटून घेऊ नका, तुकडेही टाकू नका. गॅस कुठून आत येत होता ती कड कोणती, हे प्रत्येक तुकड्याच्या पुडीवर पेन्सिलने लिहून ठेवा. ऑक्सिजनच्या बाजूचा थर सुटलाय का, निकेल इलेक्ट्रोलाइटपासून दूर सरकलंय का, हे मायक्रोस्कोपखाली त्याच तुकड्यांत दिसतं, आणि कड माहीत नसेल तर त्या फोटोंचा काही उपयोग होत नाही.