ड्राय नीडलिंग करून घेताना: सुईच्या आधी आणि सुईच्या नंतर

मान धरली, पाठीत उसण भरली किंवा खांदा वर जाईनासा झाला की कोल्हापुरात पहिला सल्ला मिळतो तो तालमीतल्या जाणत्या माणसाकडून चोळून घेण्याचा, आणि दुखणे साध्या ओढीचे असेल तर त्याने आरामही पडतो. महिना उलटून गेल्यावरही तीच गाठ त्याच जागी बोटाला लागत असेल आणि ती दाबली असता कळ दुसरीकडेच जात असेल, तर फिजिओथेरपिस्ट ड्राय नीडलिंग सुचवण्याची शक्यता असते. या उपचारात सुई टोचणे हे काम काही मिनिटांचे असते. गुण येणार की नाही, हे बरेचसे त्याआधीच्या तपासणीवर आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांवर ठरते.

या सुईतून कोणतेही औषध शरीरात जात नाही, म्हणून तिला 'ड्राय' म्हणतात. ती पोकळ नसते, भरीव असते आणि तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते. जेनेट ट्रॅव्हेल या अमेरिकी डॉक्टर स्नायूंतील अशा दुखऱ्या गाठींमध्ये बधिरतेचे औषध टोचत असत. पुढे १९७९ साली कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी असे मांडले की आराम देण्यात औषधाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटा सुईच्या टोचण्याचा असतो. अॅक्युपंक्चरची सुईही अशीच असते. मात्र तेथे बिंदू पारंपरिक चिनी वैद्यकानुसार निवडले जातात, तर येथे बोटांनी चाचपून सापडलेला स्नायूचा ताठ पट्टा आणि त्यातील ट्रिगर पॉइंट, म्हणजे दाबल्यावर कळ उठवणारी गाठ, शोधला जातो.

प्रथम दुखणे खरोखर स्नायूचे आहे का, याची खात्री करून घ्यावी. मानेच्या कडेपासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूतील गाठ कानशिलापर्यंत दुखवते, आणि कुल्ल्यातील ग्लूटियस मिनिमस या खोल स्नायूतील गाठ पायात उतरून सायटिकाचा भास निर्माण करते. दिवसभर मान घालून चप्पल शिवणारा कारागीर, मानेवर जोर घेऊन डाव मोडणारा मल्ल आणि उसाची मोळी डोक्यावर घेणारा तोडणी मजूर या तिघांच्याही खांद्यात एकाच जागी गाठ सापडू शकते. याउलट, तपासणाऱ्याने हात उचलून दिला तरी खांदा सर्व बाजूंना अडत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. मधुमेह्यांमध्ये तो अधिक आढळतो आणि त्याचे मूळ सांध्याच्या आवरणात असल्यामुळे केवळ स्नायूत सुया टोचून तो सुटत नाही. छातीत दडपण येऊन डावा हात दुखणे, पायातील जोर कमी होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा विनाकारण घटणारे वजन यांपैकी काहीही असल्यास सुईचा विचार बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे आधी सांगावे, पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. गर्भारपण, त्या जागेवरचा जंतुसंसर्ग, कमी झालेली प्रतिकारशक्ती, सुईची भीती किंवा पूर्वी सुईने आलेली चक्कर हेही लपवू नये. उपाशीपोटी जाऊ नये. नवरात्राचे कडक उपवास करणाऱ्यांनी तर वेळ नंतरचीच घ्यावी.

उपचार करणाऱ्याने या पद्धतीचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. सुईचे निर्जंतुक पाकीट आपल्यासमोर फोडले जावे आणि वापरलेली सुई लगेच टणक डब्यात पडावी. उपचार आडवे झोपून घ्यावा, म्हणजे भोवळ आली तरी पडण्याची भीती राहत नाही. सुई गाठीत पोहोचली की स्नायू क्षणभर आचका देतो. ही कळ अनपेक्षित असली तरी ती सुई नेमक्या जागी लागल्याची खूण मानली जाते. आचका आला नाही म्हणून उपचार वाया गेला असे मात्र नाही, आणि तो आणण्यासाठी सुई पुन्हा पुन्हा खुपसत राहणे मला योग्य वाटत नाही.

त्यानंतर एक-दोन दिवस तो भाग ठणकतो, क्वचित थोडा काळानिळा पडतो. शेकल्याने बरे वाटते. सुई छाती, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात टोचली असेल आणि पुढच्या काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी धाप लागली, कोरडा खोकला आला किंवा श्वास घेताना छातीत टोचू लागले, तर फुप्फुसाला इजा झाल्याची शंका घ्यावी. हा धोका दुर्मीळ असला तरी घरी वाट पाहू नये. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जाऊन सुई टोचून घेतल्याचे आवर्जून सांगावे.

सुईमुळे मिळणारा आराम मुख्यतः अल्पकाळाचा असतो, हे संशोधनातून दिसते; म्हणून स्नायू सैल झालेला असतानाच व्यायाम सुरू करावा. त्या दिवशी जोर, बैठका आणि कुस्ती टाळावी, पण हात गळ्यात बांधून बसू नये. मान दोन्ही बाजूंना वळवणे, खांदा सावकाश वर नेणे अशा हालचाली दर दोन-तीन तासांनी दहा-दहा वेळा कराव्यात आणि ठणका ओसरल्यावर सांगितलेले ताकदीचे व्यायाम धरावेत. बसण्याच्या ज्या पद्धतीने गाठ आली ती तशीच राहिली, तर गाठ परत येते. कारागिराने दर अर्ध्या तासाने उठावे, काम मांडीवरून उंच पाटावर घ्यावे.

पहिल्या सुईच्या आधी हनुवटी खांद्याच्या किती जवळ जाते, पाठीमागे नेलेला हात कोणत्या मणक्यापर्यंत पोहोचतो, हे वहीत लिहून ठेवावे आणि दर खेपेला तेच पुन्हा मोजावे. तीन-चार खेपांनंतरही हे माप हलले नसेल, तर पाचव्या खेपेचे पैसे भरण्याआधी निदानच पुन्हा तपासून मागावे.