पोळ्याच्या तोरणाखाली समाजशास्त्र कसे शिकावे

संस्कृती, सामाजिक प्रमाणके (वागण्याचे समाजमान्य नियम) आणि प्रतीक यांच्या व्याख्या पाठ केल्या की त्या परीक्षेपुरत्या टिकतात. त्या उमगायच्या असतील तर गावातला एकच प्रसंग निवडून बारकाईने पाहावा. विदर्भातल्या विद्यार्थ्यासाठी पोळ्याहून सोयीचा प्रसंग मला तरी दिसत नाही.

पिठोरी अमावास्येला दुपार कलल्यावर, पोळा फुटण्यापूर्वीच, म्हणजे तोरणाखालचे बैल घरी परतण्याआधीच, आखरावर (गावाची गुरे जमतात त्या मोकळ्या जागेवर) जाऊन उभे राहावे आणि आधी फक्त दिसेल ते लिहावे. झूल, बाशिंग, घुंगरमाळा, रंगवलेली शिंगे ही झाली भौतिक संस्कृती. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, ही समजूत अभौतिक संस्कृतीत येते. माणूस समाजाचा घटक म्हणून जे जे आत्मसात करतो ते सारे मानवशास्त्रज्ञ टायलर यांनी 1871 मध्ये संस्कृतीच्या व्याख्येत घेतले होते, हे येथे आठवावे.

यानंतर नियम शोधावेत, आणि खरे कष्ट इथेच आहेत. तोरणाखाली मानाची जोडी कोणाची, तिच्यामागे कोण, कडेला कोण, हे कागदावर कुठेही नसते. कारण विचारले तर ‘पयलेपासून असंच हाये’ एवढेच उत्तर मिळते. तेथे न थांबता ‘दुसऱ्या कोणी आपली जोडी पुढे घातली तर काय होईल?’ असे विचारावे, कारण प्रमाणक पाळले जात असताना दिसत नाही, ते मोडल्यावर दिसते. समाजशास्त्रज्ञ समनर यांनी 1906 मध्ये मांडलेला लोकरीती (साध्या चालीरीती) आणि लोकनीती (मोडल्यास अनैतिक मानल्या जाणाऱ्या रूढी) हा भेद शिक्षेच्या तीव्रतेवरून ओळखता येतो: बैल न सजवता आणला तर लोक हसतील, पण त्याच दिवशी तो वखराला जुंपला तर गाव दुखावेल. जातपंचायतींनी वापरलेली वाळीत टाकण्याची शिक्षा मात्र महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने स्वतःच गुन्हा ठरली असून त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून रूढी आणि कायदा यांची नोंद वेगवेगळी ठेवावी.

प्रतीकांसाठी झडत्या ऐकाव्यात. एक जण तालात ओळी म्हणतो, जमाव ‘हर हर महादेव’ असा प्रतिसाद देतो, आणि कापसाच्या भावावरचा किंवा पुढाऱ्यावरचा जो टोमणा एरवी चावडीवर भांडणाला कारण झाला असता, तो येथे हसत स्वीकारला जातो. शब्द तेच, पण प्रसंगाने त्यांचा अर्थ बदलला. जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या विचारातून वाढलेल्या प्रतीकात्मक आंतरक्रियावादाचा गाभा हाच आहे. दसऱ्याला आपट्याचे पान ‘सोने’ ठरते, तेही परस्परसंमतीनेच.

दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा चुकवू नये. लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मागणारी मुले कोणाच्या दारी जातात आणि कोणाचे दार टाळतात, हे पाहिले की समाजीकरण, म्हणजे मूल समाजाच्या रीती कशा शिकते ते, वेगळे शिकवावे लागत नाही.

ट्रॅक्टरला हार घातलेला दिसला की समाजशास्त्रज्ञ ऑगबर्न यांचे सांस्कृतिक पश्चायन (साधने बदलतात, पण रीती आणि नियम मागे राहतात ही कल्पना) लगेच चिकटवण्याचा मोह होतो, तो आवरावा. यंत्र आले आणि जुनी पूजा नव्या वस्तूवर सरकली, एवढ्याने पश्चायन सिद्ध होत नाही. बदललेल्या साधनाशी जुना नियम कुठे अडखळतो, ते दाखवावे लागते.

आखरावर प्रामुख्याने पुरुषच भेटतात, त्यामुळे बैल घरी आल्यावर त्यांचे पाय धुऊन ओवाळणाऱ्या बायकांना तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, परवानगी घ्यावी, वहीत खरी नावे लिहू नयेत आणि नोंदी त्याच रात्री पूर्ण कराव्यात.