हाताने ६ इंची आरसा घासायचाय? मग ग्रिट बदलायची घाई करू नका

दुर्बिणीचा आरसा घासायला मशीन लागत नाही. दोन जाड गोल काचा घ्यायच्या, एक टूल म्हणून खाली पक्की बसवायची, दुसरी वर, तीच पुढे आरसा होते. मध्ये ८० नंबरचं सिलिकॉन कार्बाईड (हीच ग्रिट, म्हणजे घासायची भरड पूड) आणि पाणी टाकून पुढेमागे घासायचं, मधेमधे आरसा हातात थोडा फिरवायचा आणि आपण टूलभोवती एक पाऊल सरकायचं. वरची काच टूलच्या कडेबाहेर गेली की जोर तिच्या मध्यावर आणि टूलच्या कडेवर येतो, म्हणून वरची खोलगट होते नि खालची फुगीर.

एफ ८ (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) हवा असेल तर नाभीय अंतर ४८ इंच, आणि त्यासाठी मधला खोलगा फक्त १.२ मिमी लागतो! आरशावर स्टीलची पट्टी आडवी धरा, मधोमध १.२ मिमीचं ड्रिल बिट जेमतेम सरकलं की ८० नंबर बंद.

मग १२०, २२०, ३२०, ५००, अशी बारीक होत जाणारी ग्रिट. इथेच खरी परीक्षा. प्रत्येक ग्रिटने आधीच्या ग्रिटचे खड्डे पूर्ण जायला हवेत, लूपने (छोट्या भिंगाने) बघा, मध्यावर नाही तर कडेला बघा कारण तिथले सगळ्यात शेवटी जातात. मी एकदा २२० लवकर सोडलं आणि कित्येक तास पॉलिश केल्यावर कडेला करडी झाक तशीच, परत मागे जावं लागलं. ग्रिट बदलताना टेबल, बादली, नखं, बाह्या सगळं धुवा, जुन्या ग्रिटचा एक दाणा राहिला तरी आरपार चरा पडतो. आणि वाळलेला गाळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, ती धूळ फुफ्फुसाला वाईट.

पॉलिशला टूलवर पिचचा (डांबरासारख्या चिकट पदार्थाचा) थर ओतून त्यात चौकोनी खाचा पाडायच्या, वर सेरियम ऑक्साईड नि पाणी. चमक आली की फूको टेस्ट, म्हणजे ९६ इंचांवर (नाभीय अंतराच्या दुप्पट) बारीक उजेड ठेवायचा आणि आरशावरून परतणारा उजेड ब्लेडच्या धारेने कापत आरशाकडे बघायचं. आरशाचा खोलगा अचूक गोलाचा भाग असेल तर सगळा एकदम काळवंडतो. आरशावर मिनिटभर अंगठा टेकवून बघा, तेवढ्या उबेने फुगलेली काच टेकडीसारखी दिसते! म्हणून पॉलिशनंतर आरसा पूर्ण थंड होऊ द्या, मगच मोजा.

शेवटी पॅराबोला, म्हणजे त्या गोलाकारापेक्षा मध्य किंचित जास्त खोल करायचा. उजेड एका जागी ठेवून फक्त ब्लेड सरकवलं तर मध्य आणि कड काळवंडतात त्या ब्लेडच्या जागांमध्ये साधारण २.४ मिमी फरक यायला हवा. तो येईपर्यंत थोडं घासायचं, थांबायचं, परत मोजायचं. मग अल्युमिनियमचं कोटिंग करायला पाठवा.