न्यू जर्सीत ट्रॅफिक तिकीट मिळालं? पैसे भरायची घाई करू नका

नवीन आलेल्या आपल्या लोकांना पहिलं तिकीट बहुतेक वेळा गावातल्या 25 मैलांच्या रस्त्यावर मिळतं. रस्ता रुंद, मोकळा, खड्डा औषधालाही नाही आणि मर्यादा ताशी 25 मैल, म्हणजे जेमतेम 40 किलोमीटर. पाय आपोआप दाबला जातो.

मागे लाल-निळे दिवे दिसले की उजवीकडे घेऊन थांबा आणि गाडीतच बसून राहा. दार उघडून "साहेब, साहेब" करत पोलिसाकडे चालत जाण्याची सवय इथे धोक्याची आहे. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागितल्यावर लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्ड द्या. "काही करता येईल का" हा प्रश्न तर मनातही आणू नका. लाच देऊ करणं हा तिकिटापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे. वादही तिथे नको, त्यासाठी कोर्ट आहे.

तिकिटावर तीन गोष्टी बघा: कलमाचा नंबर, कोर्टाची तारीख आणि हजर राहणं सक्तीचं आहे का ती खूण. कोर्ट तुम्ही राहता त्या गावाचं नसून जिथे पकडलं त्या गावाचं. एडिसनला राहणाऱ्याला प्रिन्स्टनमध्ये तिकीट मिळालं तर खटला प्रिन्स्टनच्या म्युनिसिपल कोर्टात. टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, राज्य पोलिसांनी पकडलं तरी तो तुकडा ज्या गावाच्या हद्दीत, तिथलं कोर्ट.

आता मुद्द्याचं. हजेरी सक्तीची नसेल तर एनजेएमसीडायरेक्ट या सरकारी साइटवर दोन मिनिटांत पैसे भरता येतात आणि बरेच जण भरून मोकळे होतात. पण पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. दंडाची रक्कम तिकिटावर दिसते, पॉइंट्स, म्हणजे लायसन्सच्या रेकॉर्डवर चढणारे दोषगुण, दिसत नाहीत, आणि खरा फटका त्यांचा. मर्यादेपेक्षा 14 मैलांपर्यंत जास्त वेग असेल तर 2 पॉइंट्स, 15 ते 29 मैल जास्त असेल तर 4, त्याच्या वर 5. स्टॉप साइनला न थांबल्यास 2. तीन वर्षांत 6 पॉइंट्स झाले की मोटर व्हेइकल कमिशन (इथलं आरटीओ) दंडाशिवाय वर्षाला 150 डॉलर सरचार्ज लावतं, सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला आणखी 25. बारा झाले की लायसन्स निलंबित. इन्शुरन्सचा हप्ता वाढतो तो वेगळाच. म्हणून पॉइंट्सचं तिकीट असेल तर दोषी नसल्याचं कोर्टाला कळवा आणि प्रॉसिक्युटरशी, म्हणजे सरकारी वकिलाशी, बोला.

आपल्याकडे ई-चलान साठवून ठेवायचं आणि लोकअदालतीत सवलतीत मिटवायचं, हा हिशेब अनेकांच्या डोक्यात असतो. तो इथे चालत नाही. तारीख चुकवली तर लायसन्स निलंबित होऊ शकतं, अटक वॉरंटही निघू शकतं.

तिकीट मिळाल्यावर आठवड्याभरात वकिलांच्या पत्रांनी मेलबॉक्स भरतो. घाबरू नका, तिकिटाची नोंद सार्वजनिक असते आणि ती पत्रं म्हणजे जाहिरात. साध्या वेगाच्या तिकिटाला, रेकॉर्ड स्वच्छ असेल तर, वकील लागत नाही असं माझं मत. अपघातात कोणी जखमी झालं असेल, लायसन्स जाण्याची शक्यता असेल किंवा दारूचा संबंध असेल तर मात्र वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. दारू पिऊन गाडी चालवणं न्यू जर्सीत म्युनिसिपल कोर्टातच चालतं म्हणून ते किरकोळ समजू नका. नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत.

प्रॉसिक्युटर बहुधा "अनसेफ ड्रायव्हिंग" देऊ करतो, म्हणजे मूळ कलम बदलून 39:4-97.2. यात पॉइंट्स शून्य, पण 50 ते 150 डॉलर दंडावर 250 डॉलरचा वेगळा सरचार्ज आणि कोर्टाचा खर्च. सगळं मिळून चारशेच्या आसपास जातं. चार पॉइंट्सच्या तिकिटाला हा सौदा डोळे झाकून घ्यावा. दोन पॉइंट्सचं असेल आणि रेकॉर्ड कोरं असेल तर आधी इन्शुरन्सचा अंदाज घ्या, कारण वर्षभर नवीन तिकीट नसेल तर 3 पॉइंट्स आपोआप वजा होतात आणि डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की 2, पाच वर्षांतून एकदा. हातात फोन धरल्याचं पहिलं तिकीट असेल तर दंड 200 ते 400 डॉलर असला तरी पॉइंट्स नाहीतच, मग अनसेफ ड्रायव्हिंग घेऊन काय मिळवणार? आणि अनसेफ ड्रायव्हिंगची सोयही कायमची नाही: पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा घेतली की 4 पॉइंट्स.

सौदा ठरला तरी बहुतेक वेळा जजसमोर उभं राहावं लागतं, बऱ्याच कोर्टांत आता झूमवर. झूम असलं तरी ते कोर्ट आहे. चालत्या गाडीतून जोडलेला माणूस जजला चालत नाही. जज विचारतात: स्वखुशीने कबूल करताय ना, खटला चालवायचा हक्क सोडताय हे कळतंय ना, आणि त्या दिवशी असुरक्षितपणे गाडी चालवली का? शेवटच्या प्रश्नावर आपले लोक घोळ घालतात. "हो, पण सगळेच तेवढ्या वेगाने जात होते" अशी पुस्ती जोडली की जज म्हणतात, मग तुम्ही दोषी नाही, खटला चालवू. ठरलेला सौदा तिथेच मोडतो. "येस, युअर ऑनर" एवढंच पुरे. इंग्रजीचा आत्मविश्वास नसेल तर दुभाषा कोर्ट फुकट देतं, मात्र आधी कळवा. गाडी ठोकली असेल तर कबुली देताना "सिव्हिल रिझर्व्हेशन" मागा; मग समोरच्याने भरपाईचा दावा लावला तर ही कबुली त्यात वापरता येत नाही.

फक्त कागद जवळ नव्हते म्हणून तिकीट असेल तर त्या तारखेला वैध असलेलं लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स कार्ड कोर्टात दाखवा. जज तिकीट रद्द करू शकतात, फार तर कोर्टाचा खर्च घेतात.

एका बाबतीत मात्र सौद्याची फारशी आशा धरू नका: लाल दिवे लावून थांबलेली स्कूल बस. दुभाजक नसेल तर दोन्ही बाजूंनी किमान 25 फुटांवर थांबायचं. ओलांडलीत तर 5 पॉइंट्स, आणि 15 दिवसांपर्यंत तुरुंग किंवा 15 दिवस समाजसेवा.

"तिकीट थकलंय, लगेच भरा" असे मोटर व्हेइकल कमिशनच्या नावाने येणारे मेसेज खोटे असतात. लिंक उघडू नका. खऱ्या नोटिसा टपालाने येतात, नोंदवलेल्या पत्त्यावर. पहिल्या वर्षी अपार्टमेंट बदलणं होतंच, तेव्हा घर बदलल्यावर आठवड्याच्या आत कमिशनला नवा पत्ता कळवा.