वस्तऱ्याने दाढी: आधी पट्टा, मग गाल

वस्तरा हातात घेतला की भीती वाटते ती कापण्याची. पण बहुतेकांची दाढी बिघडते ती बोथट धारेमुळे. बोथट पातं केस कापत नाही, ओढतं. मग आपण जोर लावतो, आणि जोर लावला की रक्त आलंच. नव्या कोऱ्या वस्तऱ्यालाही दाढीजोगी धार असेलच असं नाही. ती ८००० ग्रिट (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितका दगड बारीक) किंवा त्याहून बारीक दगडावर लावावी लागते, आणि पहिल्यांदा हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. शिकताना गोल टोकाचं पातं घ्या; अणकुचीदार टोक कानाच्या पाळीजवळ हमखास लागतं.

दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर ४०-५० फेऱ्या मारा. पट्टा ताणून धरा, झोळ पडला की धार गोलावते. पातं सपाट ठेवायचं, पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही टेकलेल्या. पाठ पुढे, धार तिच्या मागून. टोकाला पोचलात की पातं पाठीवर उलटवा. घाईत धारेवर उलटवलं तर पट्ट्याला चीर पडते आणि धारही जाते. वेग नंतर येईल, आधी हात बसू द्या.

दाढी आंघोळीनंतर करा, म्हणजे खुंट मऊ झालेले असतात. फेस दाट पण ओला हवा. कोरडा पडला की पातं अडखळतं. बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरा, कारण धार नळाला नुसती टेकली तरी दबते. आणि वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या.

पहिला आठवडाभर फक्त गाल. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरका, त्यात कमीपणा नाही. कल्ल्याच्या वर बोटं ठेवून कातडी वर ताणा आणि पातं साधारण ३० अंशांत धरून केसांच्या दिशेने खाली आणा. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच. कोन बरोबर असला की बारीक खरखर ऐकू येते. पातं फार उभं धरलं तर ते कातडीत रुततं, फार आडवं धरलं तर केस ओढतं. आणि पातं धारेच्या रेषेत आडवं कधीच सरकवायचं नाही. खोल जखमा होतात त्या तशाच. हनुवटी आणि वरचा ओठ सगळ्यात शेवटी शिका, तिथे दर सेंटिमीटरला वळण आहे.

झाल्यावर पातं धुऊन मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. मुठीच्या खोबणीत ओल राहते, म्हणून तासभर उघडंच ठेवा. ओलं मिटवलं तर धारेवर तांबूस ठिपके येतात, आणि ते घालवायला पुन्हा दगडच काढावा लागतो.